मंदाबाई सिस्टरचा कान

तीच गाडी तिसऱ्यांदा दारात उभी राहिली तेव्हा नवल मनातून ओशाळला. जळगावच्या पिंप्राळ्यात गॅरेज टाकून त्याला बावीस वर्षं झाली होती. गल्लीच्या तोंडाशी गाडी वळली की कुणाची आहे आणि काय दुखतंय ते तो न बघता सांगायचा. आणि ही साधी शंभर सीसीची जुनी मोटरसायकल त्याला दाद देत नव्हती.

गाडी मंदाबाई भालेरावांची. धुळे जिल्ह्यात शिरपूरच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर त्यांनी तेहतीस वर्षं नर्सची नोकरी केली. निवृत्त झाल्यावर त्या जळगावला मुलाकडे, राजदीपकडे राहायला आल्या. बासष्ट वर्षांची बाई, अंगावर सुती साडी, पायात बूट, आणि खाली मोटरसायकल. कॉलनीतली पोरं टकामका बघायची. नवल त्यांना अक्का म्हणायचा.

तक्रार एकच होती. थंड असताना गाडी ठीक चालायची. तापली आणि कुठे थांबली की मात्र जागेवर धडधडायची. रेस आपोआप चढायची, पडायची, पुन्हा चढायची, आणि शेवटी एक आचका देऊन बंद. नवलने कार्बोरेटर खोलून धुतला होता, प्लग बदलला होता, पेट्रोल सोडणारं आतलं बारीक जेट नवीन टाकलं होतं. हवेचा स्क्रू फिरवून फिरवून त्याची बोटं दुखली. दोन दिवस गाडी बरी राहायची, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

"अक्का, राग मानू नका," तो म्हणाला, "आता ही विका. स्कूटर घ्या हलकीशी."

मंदाबाईंनी पिशवीतून प्लास्टिकचा डबा काढला. आत स्टेथोस्कोप होता.

"मी बघू का जरा?" त्यांनी विचारलं. "दुसऱ्याच्या ओपीडीत तोंड घालू नये, म्हणून दोनदा गप्प बसले. माझी बोटं आता आखडतात, स्क्रू फिरत नाही. नाहीतर तुला त्रास दिला नसता."

नवलला हसू आलं, पण त्याने स्टूल पुढे सरकवलं.

त्यांनी गाडी चालू करायला लावली आणि तापू दिली. धडधड सुरू झाली तशी स्टेथोस्कोपची पुढची चकती उपटून त्यांनी पदरात ठेवली. कानात दांड्या घातल्या, आणि नळीचं उघडं तोंड दोन बोटांत धरून कार्बोरेटरच्या भोवती हळूहळू फिरवू लागल्या. वरून, बाजूने, मग खालून. डोळे मिटलेले. रस्त्यावर रिक्षा ओरडत होती, शेजारच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा फडफडत होता. त्या जणू तिथे नव्हत्याच.

नळी एका जागी थांबली.

"इथं. फुसफुसतंय."

कार्बोरेटर आणि इंजिन जोडणारं रबर होतं ते. नवलने दोन्ही वेळा बघितलं होतं, पण वरून. "थेंबभर ऑइल लाव त्याच्या खालून," मंदाबाई म्हणाल्या. त्याने बोटाने ऑइल लावलं, आणि धडधडणारी गाडी एकदम शहाण्यासारखी चालू लागली. ऑइल आत ओढलं गेलं तशी पुन्हा बिघडली. नवलने गाडी बंद केली, निवू दिली, रबर काढून उलटं केलं आणि वाकवलं. केसाएवढी चीर होती. तापल्यावर उघडायची, निवल्यावर मिटायची. तिथून चोरटी हवा आत जात होती, आणि तो इतके दिवस पेट्रोलकडे दोष शोधत होता.

"हे कुठं शिकलात, अक्का?"

"शिकवणारं कोण होतं तिथं? लशींचा डबा मागं बांधलेला, बर्फ वितळतोय, आणि पाड्याच्या चढावर गाडी बंद. टॉवेल अंथरून कार्बोरेटर खोलला. पहिल्यांदा इंजेक्शनच्या सुईनं जेट टोकरलं, भोक मोठं झालं. वर्षभर गाडी नुसती पेट्रोल प्यायची!" त्या हसल्या. "मग सुई सोडली. रिकाम्या सिरिंजनं हवा मारायची."

"आणि हा कान?"

"पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायचे, दुसरं काय. मिनिटाला एकशेचाळीस. मोजायचेच असतात, पण मोजण्याआधीच कळतं, बाळ सुखात आहे की नाही. एका पाड्यावर एक बाई अडली होती, कळ ओसरली की बाळाचे ठोके मंदावायचे. मी माणूस धाडून जीप मागवली. बाईचा नवरा म्हणत होता, सगळं ठीक आहे, कशाला खर्च? मी ऐकलं नाही त्याचं. दोघं वाचली."

नवल नवीन रबर काढायला उठला. आपण यांना गाडी विकायला सांगत होतो, हे त्याला आठवत होतं.

नवीन रबर बसवून झाल्यावर त्यांनी नळी पुन्हा कानाला लावली आणि नवलने स्क्रूला हात घातला. हवेचा स्क्रू आधी पूर्ण आत, मग दीड फेरा बाहेर. "अजून थोडा. अजून. हां, आता चढली. जास्त झालं, केसभर मागे घे." मग जागेवरची रेस ठरवणारा आयडलचा स्क्रू सैल केला. गाडी खाली खाली येत एका संथ, सारख्या चालीवर स्थिरावली.

मंदाबाईंनी दांड्या काढून त्याच्या कानात घातल्या.

नवलने आजवर इंजिन बाहेरून ऐकलं होतं. आता त्याला हवा आत जाताना ऐकू आली, घोट घोट, मध्ये कुठेही खंड नाही. त्याने नळी वर नेली. तिथे दोन्ही व्हॉल्व्ह टिकटिकत होते, प्रत्येकाचा आवाज वेगळा. खाली नेली तर इंजिनातली टायमिंग चेन सळसळत होती. ज्या लोखंडाला त्याने हजारदा हात लावला, ते आतून इतकं भरलेलं असतं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. हे सगळं ऐकता ऐकता त्याच्या तोंडून घरची अहिराणी निघाली.

"अक्का, माले बठ्ठं ऐकू येस!"

दोन गिऱ्हाइकं येऊन उभी होती. त्यांच्याकडे त्याचं लक्षच गेलं नाही.

पुढच्या आठवड्यात मंदाबाई शिरपूरला गेल्या, त्याच गाडीवर. पाड्यावरच्या बायका अजून बोलावतात. नवल बसने जा म्हणाला नाही. दुपारी त्यांचा फोन आला.

"शिरपूरला पोचले. चहाला थांबलेय, गाडी चालूच ठेवलीय. ऐक."

मग फोन इंजिनाजवळ गेला. फोनमधून गाडीचा संथ आवाज येत राहिला. नवलने हातातला पाना खाली ठेवला आणि दुसऱ्या कानावर तळवा दाबून तो ऐकत बसला.