आमाला काय कमी न्हाई!

माणूस एका जागी पडून राहिला की त्याच्याभोवती दोन गोष्टींची रास लागते, एक शहाळ्यांची आणि दुसरी किश्शांची. शहाळी पिऊन संपतात. किस्से मात्र सांगेल तसे वाढत जातात. आता हे सगळे किस्से माझेच आणि त्यातला गाढवपणाही बहुतेक माझाच, त्यामुळे दुसऱ्या कुणाची बदनामी होईल ही भीती नाही!

मी बाजीराव, सांगलीच्या मार्केट यार्डात हमाल. मूळ गाव वडूजकडचं. आमची आठ जणांची टोळी हळदीची पोती उचलते. जानेवारी संपता संपता गोडाऊनमधली पोत्यांची थप्पी सरकली आणि माझ्या उजव्या मांडीवर आली. हाड मोडलं. सहा महिने काम बंद, आणि हमालाचं काम बंद म्हणजे चूल बंद. घरी बायको सुनंदा, शाळेत जाणाऱ्या दोन पोरी आणि भाड्याची खोली.

* * *

दवाखान्यात नेलं तेव्हाची गोष्ट. पाय सुजून भोपळा झालेला. नर्सबाई कात्री घेऊन आल्या पॅन्ट कापायला. मी दोन्ही हातांनी पट्टा धरला.

"कापू नका बाई! नवी हाय!"

पॅन्ट नवी नव्हती. गेल्या दिवाळीच्या आदल्या दिवाळीची होती. खरी गोष्ट ही, की आत जी चड्डी होती तिला सुनंदानं पिठाच्या पिशवीच्या कापडाचं ठिगळ लावलेलं. त्यावर 'शुद्ध चक्की आटा' अशी अक्षरं! मला वाटलं, मेलो तरी चालेल, पण हे कुणी वाचू नये.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, कात्रीकडे बघितलं आणि म्हणाले, "काका, हाड मोडलंय, पण लाज एकदम शाबूत आहे हो तुमची!"

सगळे हसले. मीही हसलो. पॅन्ट कापलीच.

* * *

घरी आल्यावर भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. आमच्याकडे आजाऱ्याला रिकाम्या हातानं कुणी भेटत नाही. येताना शहाळं नाहीतर बिस्किटाचा पुडा आणतात. कोपऱ्यात शहाळी, कपाटावर बिस्किटं, खाटेखालीही बिस्किटं.

जो येईल तो जाताना विचारायचा, "काय लागलं सवरलं तर सांग गड्या."

मी छाती काढून, म्हणजे पडल्या पडल्या जेवढी निघते तेवढी काढून, सांगायचो, "छ्या! आमाला काय कमी न्हाई!"

एकदा आमचा मुकादम दादू आला. दादू माझ्याच गावचा, टोळीचा म्होरक्या. त्यानं दोनदा विचारलं. मी दोनदा तेच सांगितलं. त्याच्या मागं दारात सुनंदा उभी होती, हातात पिठाचा डबा उपडा धरून. एक चिमूटभरसुद्धा खाली पडलं नाही. मला दिसत होतं, दादूला दिसत नव्हतं.

तो गेल्यावर आम्ही चौघांनी चहात बिस्किटं बुडवून खाल्ली. तेच जेवण. धाकटी पोरगी खूश होऊन म्हणाली, "आबा, तुमचा दुसरा पाय कवा मोडनार?"

सुनंदानं तिला धपाटा घातला. खरं तर तो मला घालायला हवा होता.

* * *

शेवटी सुनंदानंच विषय धसास लावला. म्हणाली, "आवं, माझ्या भावाला तरी फोन करा. बोलायला काय पैसं पडत्यात?"

मेव्हणा दिलीप पाचगणीला एका शाळेच्या बोर्डिंगात स्वयंपाकी आहे. पगार बरा, माणूस मोकळा. मी फोन लावला. तब्येत सांगून झाली. आता पुढचं वाक्य पैशाचं होतं. मग मी आपला थंडी कशी आहे ते विचारलं. शाळेला सुट्टी कधी ते विचारलं. काहीच उरलं नाही तेव्हा म्हणालो, "औंदा स्ट्रॉबेरी कशी हाय रं?"

"लय झकास हाय दाजी!"

"आसं व्हय? पोरी लय आठवण काढत्यात."

दोन दिवसांनी एसटीच्या पार्सलनं एक मोठा बॉक्स आला. लालभडक, रसरशीत! चिठ्ठीत लिहिलेलं, 'दाजी, आणखी लागली तर लाजू नका.'

सुनंदा बॉक्ससमोर बसली आणि म्हणाली, "आता ह्याच्या भाकरी थापू का कालवण करू?"

* * *

आमच्या टोळीत सर्जेराव आहे, पलटणीतून रिटायर झालेला. त्याला सगळे फौजी म्हणतात. त्यानं शोध लावला की जखमी हमालाला मदत देणारा एक निधी आहे, अर्ज केला की मिळते. फक्त माणसानं स्वतः हजर राहायचं. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही.

आता मदत मागायला जायचं म्हणून मी काय केलं? पांढराशुभ्र इस्त्रीचा शर्ट घातला, मनगटाला घड्याळ बांधलं, केसाला तेल लावून भांग पाडला. म्हटलं, साहेबाला आपण भिकारी वाटायला नको. फौजीनं मला पोत्यासारखं पाठीवर घेतलं आणि दोन जिने चढला. वर पोचला तेव्हा त्याला धाप लागलेली, घामानं निथळत होता. मी त्याच्या खांद्यावर नवरदेवासारखा.

क्लार्क बाई फौजीला म्हणाल्या, "अरेरे, बसा बसा. काय लागलंय तुम्हाला?"

फौजीनं मला खुर्चीत उतरवलं आणि सॅल्यूट ठोकला, "मॅडम, माल ऊपर आ गया, रिसीट दो!"

बाई हसल्या. मग त्यांनी अर्ज वाचला आणि हसणं थांबलं. अर्ज मीच भरला होता. आमच्या दुष्काळी भागात लग्नं जमवताना सगळे जमीन बागायत सांगतात. विहिरीत दगड टाकला तर खडखडतो, पण सांगताना बागायत. हाताला वळण तेच पडलेलं. व्यवसायाच्या रकान्यात मी लिहिलं होतं, 'बागायत शेती, शिवाय यार्डात सुपरवायझर.'

"काका," बाई अगदी हळू म्हणाल्या, "हा निधी हमालांसाठी आहे."

मी मान खाली घातली. त्यांनीच रकाना खोडून दुरुस्त केला आणि सांगितलं की गावाकडनं उत्पन्नाचा दाखला आणा, तो जोडला की काम होईल.

* * *

दाखल्यासाठी सुनंदा एसटीनं गावी गेली. तिथं दुसरं भूत बसलेलं. दहा वर्षं मी गावात सांगत आलोय की मी सांगलीला सुपरवायझर आहे. दादूनंही तिथं कधी माझं बिंग फोडलं नाही. जत्रेला जातानाही मी खांद्याचे घट्टे शर्टाची कॉलर वर करून झाकायचो.

तलाठ्याच्या ऑफिसात चार माणसं बसलेली. सुनंदाला बघून एकजण उठला, "सायबांच्या मंडळींना खुर्ची द्या रं!"

तलाठ्यानं विचारलं, "वहिनी, सुपरवायझर माणूस पोत्याखाली कसा काय गेला?"

सुनंदा म्हणाली, "तपासाय गेलं व्हतं!"

परत आल्यावर तिनं हे सांगितलं तेव्हा मी खाटेवर हसून हसून दुखतं हाड हलवून घेतलं.

"आन् दाखला?" मी विचारलं.

"दिला की," असं म्हणून ती धुणं भिजवायला गेली.

* * *

पुढच्या शनिवारपासून फौजी पाकीट आणून द्यायला लागला. सुनंदा म्हणाली, निधीचे पैसे आले. घरात पीठ आलं, भाडं गेलं, पोरींची फी गेली. माझा आवाज परत चढला. येईल त्याला मी सांगायचो, "आपुन कुनाच्या म्होरं हात पसरत न्हाई. ह्ये हक्काचं हाय!" फौजी तेव्हा खिडकीबाहेर बघत असायचा.

दोन महिन्यांनी निधीच्या ऑफिसचं पत्र आलं. 'उत्पन्नाचा दाखला न जोडल्यामुळे आपला अर्ज विचारात घेता आलेला नाही.'

मी सुनंदाला हाक मारली. ती दारात येऊन उभी राहिली आणि रडायला लागली. चार माणसांत 'माझा नवरा हमाल आहे' हे तिच्यानं म्हणवलं नव्हतं, कारण मला कसं वाटेल!

मग पाकीट कुणाचं? ती सांगेना. तो शनिवारच होता. मी कुबड्या घेतल्या आणि रिक्षानं यार्डात गेलो.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी. आमच्या टोळीत बाबगोंडा अण्णा आहेत. सांगलीजवळचे, जैन, वयानं सगळ्यांत मोठे. दोन वर्षांपूर्वी त्यांचं मनगट मोडलं होतं. त्यांना टोळीच्या कमाईतला निम्मा वाटा तरी द्यावा असं दादू म्हणत होता. मी उठून, त्यांच्या तोंडावर म्हणालो, "ही काय धर्मशाळा न्हाई. पाठीवर पोतं, तरच हातावर पैसा!" बाकीच्यांपैकी कुणी दादूची बाजू घेतली नाही. अण्णांनी दारातली म्हैस विकली आणि दोन महिने काढले. या गोष्टीचा किस्सा होत नाही. आठवली की आजही कुठं तोंड लपवावं कळत नाही.

गोडाऊनच्या दारात मी थप्पीआड थांबलो. आत जायचा धीर होईना. शनिवारची वाटणी चालली होती. आमची पद्धत अशी, की मुकादम नाव पुकारतो, ज्याचं नाव तो "हाय" म्हणून पुढं होतो आणि हातावर वाटा घेतो. 'हाय' आलं नाही तर वाटा नाही.

"सर्जेराव!"

"हाय."

"बाबगोंडा!"

"हाय." अण्णांनी घेतला, कपाळाला लावला, खिशात घातला.

मग दादूनं पुकारलं, "बाजीराव!"

कुणी हललं नाही. मी कुबडी घट्ट धरली.

बाबगोंडा अण्णा परत एकदा पुढं झाले. खांद्यावरची हळद झटकली, हात पसरला आणि म्हणाले, "हाय."