न उघडलेली गुंडाळी

माझ्या सासरवाडीच्या तलावात माझी बरीच नाणी आहेत. ती कोणी चोरून टाकलेली नाहीत की पुरात वाहून गेलेली नाहीत. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर उभं राहून, हात लांब फिरवून, मी स्वतः ती फेकली आहेत. त्याच्या आदल्याच आठवड्यात तसलीच नाणी मी पैसे देऊन मोबाइलवरून मागवली होती, हे कळल्यावर लोक मला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावतात. म्हणून एकदाच लिहून काढतो.

मी घुग्घुसला एका सिमेंट कारखान्याच्या काट्यावर बसतो. कोळशाचा ट्रक आला की तो तोलायचा, ताडपत्री उघडायला लावायची, आत खरंच कोळसा आहे की वर कोळसा आणि खाली दगड, ते पाहायचं. ट्रकवाला कितीही 'साहेब, साहेब' करो, ताडपत्री उघडल्याशिवाय मी पावती फाडत नाही. या बाबतीत माझी एवढी ख्याती आहे की ड्रायव्हर लोक माझ्या मागे मला काय म्हणतात, ते इथे लिहिता येणार नाही.

जुन्या नाण्यांचा नाद मला मोबाइलने लावला. एक माणूस रोज व्हिडिओत येऊन सांगायचा, तुमच्या घरातल्या डब्यांत लाखोंचा माल पडलेला आहे! (आमच्या डब्यांत मी पाहिलं. डाळ होती.) मग एके दिवशी जाहिरात दिसली. इंग्रजांच्या काळातले भोकाचे पैसे, मधोमध मोठं भोक असलेले, आणि त्यांची जुन्या कागदात बांधलेली गुंडाळी. फोटोत दोन्ही टोकांना एकेक पैसा चमकत होता, मुकुटासकट! खाली लिहिलं होतं, 'आम्ही गुंडाळी उघडलेली नाही. आत काय निघेल ते तुमचं नशीब. माल परत घेतला जाणार नाही.'

"पाह्य, किती इमानदार माणूस हाय," मी बायकोला म्हणालो. "उघडलीच नाई म्हणते."

रेखाने फोटो पाहिला. "काऊन नाई उघडली?"

"वेळ नसन त्याले."

"फोटो काढाले वेळ हाय, लिहाले वेळ हाय, विकाले वेळ हाय. फक्त उघडाले नाई?"

"अवं, त्यातच तर मजा हाय! एखादं दुर्मीळ नाणं निघालं तर?"

"अजी, तुमी ट्रकवाल्याची ताडपत्री उघडून पाहता ना?"

"तो धंदा हाय. हा छंद हाय," मी म्हणालो आणि बटण दाबलं.

आता पत्त्याचं सांगतो, कारण खरा घोळ तिथे झाला. आम्ही पुढच्याच आठवड्यात सासरवाडीला जाणार होतो. मूल शहराच्या पलीकडे, तलावाकाठी गाव. माझे सासरे शांतारामभाऊ, म्हणजे मामाजी, ढिवर समाजाचे जुने मासेमार. उन्हाळ्यात तलावाचं पाणी उतरलं की सगळं गाव पाळीवर जमतं आणि पहिलं जाळं मामाजींच्या घरचं पडतं. हा पहिल्या फेकीचा मान त्यांच्या बापापासून चालत आलेला. त्या फेकीची मासोळी घरोघरी वाटतात. मात्र फेक रिकामी गेली, तर पुढच्या वर्षीपासून मान दुसऱ्या घराकडे. आणि त्या मानावर मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष शंकरभाऊ कित्येक वर्षांपासून डोळा ठेवून बसलेले.

मी पार्सलचा पत्ता सासरवाडीचा दिला. पार्सलवाल्याला मामाजींचं घर सापडलं नाही. त्याने ते गावातल्या एकुलत्या एका किराणा दुकानात ठेवलं. दुकान शंकरभाऊंचं!

आम्ही बसमधून उतरलो तोवर गावाला सगळं ठाऊक झालं होतं.

"जवाईबापू," मामाजी वाटेतच भेटले, "तुमचं काई तरी पार्सल आलं म्हणते. शंकर हलवून पाहत होता. खणखण वाजते म्हणे!"

"जुने पैसे हायेत, मामाजी. लाखाचाबी माल निघू शकते."

हे वाक्य मी हळू बोललो होतो. पण मामाजींनी ते घरापर्यंत जाता जाता प्रत्येक दारात थांबून मोठ्याने सांगितलं. आम्ही अंगणात पोहोचलो तेव्हा मागे अर्धं गाव होतं, आणि सगळ्यांत पुढे दोन्ही हातांत पार्सल धरून शंकरभाऊ. मामींनी, म्हणजे सासूबाईंनी, तर पाट मांडला, गुंडाळीला हळद-कुंकू वाहिलं, वर एक फूल ठेवलं. एवढा मान मला लग्नातही मिळाला नव्हता.

मी कागद फाडला. पहिला पैसा निघाला. मुकुटाचा, तांबूस, अस्सल! मामाजींनी तो उंच धरून गर्दीला दाखवला. "पाह्य रे शंकर! आपले जवाई हायेत!"

दुसरं नाणं काढलं. ते पांढरट होतं. त्यावर मुकुट नव्हता, अक्षरं नव्हती, काहीच नव्हतं. फक्त भोक होतं.

"हे कोणत्या राजाचं?" शंकरभाऊंनी विचारलं.

मी तिसरं काढलं. चौथं काढलं. सगळी तसलीच! घरावर टिनाचं छप्पर ठोकताना खिळ्याखाली पातळ वायसर, म्हणजे वॉशर घालतात ना, ते. तरी मी काढतच राहिलो. न जाणो, मधात एखादं दुर्मीळ असेल! शेवटी दुसऱ्या टोकाचा पैसा आला. तो पुन्हा अस्सल. मधला सगळा माल छपराचा.

मामाजींच्या हातात तो पहिला पैसा तसाच वर धरलेला. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मला इतकी लाज वाटली की तोंडातून भलतंच निघून गेलं.

"मामाजी, हे तुमच्या जाळ्यासाठीच मागवले! जाळ्याच्या काठाले वजन लागते ना? नवीन वजनं! फेकीच्या मानासाठी जवायाकडून भेट!"

"मंग त्याले हळद-कुंकू काऊन लावलं?" शंकरभाऊ.

"जाळ्याच्या सामानाले लावतच असते!" मामी तडकून म्हणाल्या. त्या दिवसापासून मी मामींना देवासमान मानतो.

मामाजींचा चेहरा हळूहळू फुलला. कोणाच्या जावयाने आजवर जाळ्याला भेट दिली होती? ते उठून सगळ्यांना सांगू लागले. इथे मी थांबायला हवं होतं. पण खोटं बोलून सुटलेल्या माणसाला भलताच उत्साह येतो. मी खुंटीवरचं फेकजाळं काढलं, मामाजींच्या सांगण्यावरून ते पाळीवर नेलं आणि काठाची जुनी वजनं चाकूने कापायला बसलो. काळीकुट्ट, शेवाळलेली, मासोळीच्या वासाची, तीन-तीन एका गाठीत बांधलेली चकतीसारखी वजनं.

"राहू द्या ना थोडी जुनी," मामाजी म्हणाले. "माह्या बापानं बांधलेली हायेत."

"मामाजी, नवीन ते नवीन!"

"अजी, फेकाच्या आधी एक तरी धुऊन पाहा," रेखा म्हणाली.

"कचरा काय धुवायचा?" मी म्हणालो आणि पहिली मूठ तलावात भिरकावली. पाण्यावर सुंदर नक्षी उठली. मला इतकं बरं वाटलं की मी सगळ्या मुठी वेगवेगळ्या दिशांना फेकल्या. मग वायसर बांधले. जाळं नव्या नवरीसारखं चकाकायला लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव पाळीवर जमलं. मामाजी कमरेएवढ्या पाण्यात उतरले, जाळ्याचा एक काठ दातात धरला, कंबर वळवली आणि फेकलं. काय फेक होती! जाळं हवेत पूर्ण गोल उघडलं, पाण्यावर अलगद बसलं. आणि बसूनच राहिलं.

बुडेचना!

टिनाचे ते पातळ वायसर, त्यांच्यात वजन असणार कुठून? जाळं पाण्यावर पसरून आरामात तरंगत होतं. खाली मासोळ्या आपल्या कामाला निघून गेल्या असाव्यात. एक बगळा उडत आला, त्याने खाली नीट पाहिलं आणि जाळ्यापलीकडे जाऊन बसला.

"शांतारामभाऊ," शंकरभाऊ पाळीवरून ओरडले, "जाळं फेकून राह्यले का चादर वाळू घालून राह्यले?"

गाव हसलं. मामाजी हसले नाहीत. त्यांनी जाळं ओढून घेतलं. त्यात एक काडी होती. मान गेला! पुढल्या वर्षी पहिली फेक शंकरभाऊंच्या घरची. वर त्यांनी लगेच आपलं जाळं टाकून भरगच्च मासोळी काढली आणि दुपारी त्यातला वाटा आमच्या घरी पाठवला. सगळ्यांत मोठी रोहू पाठवली. याला म्हणतात सूड!

मामाजी भिंतीकडे तोंड करून बसले. मी त्यांच्याशी बोलण्याच्या लायकीचा उरलो नव्हतो, म्हणून मागच्या अंगणात मासोळी साफ करणाऱ्या रेखाजवळ जाऊन बसलो. तिने माझ्या सदऱ्याकडे पाहिलं.

"खिशात काय फुगलं तुमच्या?"

काल वजनं कापताना तीन चकत्यांची एक गाठ खिशात पडून राहिली होती. रेखाने ती सोडवली, हाताशी असलेली चिंच घेतली आणि एक चकती घासायला लागली. काळं निघालं. हिरवं निघालं. मग मुकुट निघाला!

मी तो पैसा हातात घेऊन आत धावलो. "मामाजी! हे भोकाचे पैसे व्हते?"

"पैसेच व्हते ना," मामाजी भिंतीकडे पाहत म्हणाले. "चालनं बंद झाले तवा माह्या बापानं घरातले सारे जाळ्याले बांधले. जाळं फाटलं की नवीन जाळ्याले तेच."

"मले सांगतलं काऊन नाई?"

"तुमी कचरा म्हणून राह्यले व्हते. जवायाले कोण खोटं पाडन?"

आता पुढचं सांगतो ते खरं आहे, पण ऐकणारे मानत नाहीत. मी तसाच, कपड्यांसकट, तलावात उतरलो. मला पाहून रेखा आली. रेखाला पाहून शेजारी आले. जवाई लाखाचा माल फेकून बसले, ही बातमी फिरली आणि थोड्याच वेळात तलावात मासोळीपेक्षा माणसं जास्त झाली. कोणी टोपलं घेऊन, कोणी चाळणी घेऊन. शंकरभाऊंनी पाळीवरून सोसायटीचा नियम जाहीर केला, की तलावातून जे निघेल ते सोसायटीचं. नियम सांगून होताच ते स्वतः धोतर खोचून पाण्यात उतरले.

मी कोणत्या दिशेला किती फेकलं, हे मला कसं आठवणार? मी तर नक्षी पाहत होतो. संध्याकाळपर्यंत लोकांना तुटकी चप्पल मिळाली, पितळेचा एक गडू मिळाला, त्या गडूवरून दोन घरांचं भांडण मिळालं. मला गळ्याएवढ्या पाण्यात, पायाच्या बोटांनी चाचपता चाचपता, एक गोल, भोकाची वस्तू लागली. मी डुबकी मारली. वर आलो. हात उंच केला!

वायसर होतं. सकाळी रागाच्या भरात मामाजींनी जाळ्याचे वायसर तोडून तलावात फेकले होते.

मी चिखलाने माखलेला पाळीवर येऊन बसलो. मामाजीही तिथेच बसले होते. मी म्हणालो, "मामाजी, त्या विकणाऱ्यानं मले फसवलं. आतलं पाहूच देल्लं नाई त्यानं. माह्यापायी तुमचा मान गेला."

मामाजींनी तलावाकडे पाहिलं. मग माझ्याकडे, पायापासून डोक्यापर्यंत.

"त्याच्यावर नका चिडू, जवाईबापू," ते शांतपणे म्हणाले. "पोरगी देताना आमीबी तेच केलं. दोनच टोकं पाह्यली. या टोकाले कंपनीची नोकरी, त्या टोकाले घुग्घुसचं पक्कं घर. दोन्ही टोकं चमकत व्हती. मधातली गुंडाळी कोणी उघडून पाह्यली?"

गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या रेखाने कमरेवर हात ठेवले. "बाबा, आता परत करता येते का?"

मी मान खाली घालून हातातलं वायसर पुसत राहिलो. जाहिरातीतली शेवटची ओळ तिघांमध्ये मला एकट्यालाच पाठ होती, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ती माझ्या बाजूने होती.