कुसुमताई नर्सिंग होम बघायला निघत तेव्हा

शेवटच्या भेटीत कुसुमताईंनी मला जिन्याबद्दल विचारलं. छातीत कळ आली म्हणून त्यांना नर्सिंग होममध्ये ठेवून आठवडा झाला होता, डॉक्टरांनी फार बोलू नका म्हणून बजावलं होतं, आणि ताई उशीवरून मान वळवून हळूच विचारत होत्या, "मंगल, मला वर आणलं तेव्हा वळणावर स्ट्रेचर तिरकं करावं लागलं का गं?" मी म्हटलं, "नाही ताई, सरळ आलं." "मग जिना बरा आहे..." असं म्हणून त्यांनी डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्यासाठी पेज डब्यात भरत होते, तेवढ्यात समोरच्या बिऱ्हाडात फोन आला. निरोप सांगायला आलेल्या वहिनी दारातच उभ्या राहिल्या, आत येईनात. तेव्हाच मला कळलं.

त्याला आता दीड महिना झाला. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले. घरात आता मी, यजमान आणि लेक असे तिघंच उरलो आहोत, आणि मला ताईंबद्दल लिहावंसं वाटतं आहे.

कुसुमताई माझ्या नणंद, माझ्या यजमानांपेक्षा, अशोकपेक्षा, चौदा वर्षांनी मोठ्या. आईवडील लवकर गेल्यावर त्यांनीच त्याला वाढवलं, शिकवलं, सातपूरच्या कारखान्यात चिकटवलं. स्वतः नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे कुणी विचारलं तर म्हणायच्या, "सवड मिळाली नाही." पण इतर सगळ्या गोष्टींना त्यांना सवड असायची. एकदा आम्ही मालेगावला एका लग्नाला गेलो होतो. वरात निघायची वेळ झाली तरी ताई दिसेनात. शोधत गेलो तर शेजारच्या गल्लीत एका यंत्रमागापुढे उभ्या, आणि खटखटाटात ओरडून विणकराला विचारताहेत, "पण धागा तुटला तर कळतं कसं तुम्हाला?" तो बिचारा माग थांबवून दाखवत होता. काम कसं चालतं यापेक्षा ते अडतं कुठं, याचं त्यांना भारी कुतूहल.

फक्त डॉक्टरांपुढे मात्र हे कुतूहल गप्प बसायचं. निदान तेव्हा तरी. आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात मला पहिल्यांदा दिवस गेले होते. बाळंतपणासाठी कुठं नाव घालायचं हे ठरवायचं काम आपोआप ताईंकडे आलं. शहरात तेव्हा नवी नवी नर्सिंग होम्स निघत होती. ताईंनी त्यातलं एक निवडलं. पांढरी फरशी, खिडक्यांना पडदे, डॉक्टरांच्या नावापुढे परदेशातल्या पदव्या. ताई सांगत आल्या, "मंगल, फरशीत तोंड दिसतं अगं!" आम्हाला सगळ्यांनाच ते पटलं. प्रत्यक्षात माझ्या पोटात कळा सुरू झाल्या त्या दिवशी डॉक्टर मुंबईला गेलेले होते. नर्स म्हणत राहिली, येतील, येतील. बाळ अडलं. दुसरे डॉक्टर शोधून आणेपर्यंत दुपार टळून गेली. ऑपरेशन झालं, मी वाचले. मुलगा रडला नाही.

त्यानंतरचे महिने मी फार सांगणार नाही. इतकंच आठवतं की ताई मला रोज जेवायला वाढायच्या आणि माझ्याकडे बघायच्या नाहीत. मीही त्यांना कधी दोष दिला नाही. पण दोष नाही असंही म्हटलं नाही. ते म्हणायला हवं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

तीन वर्षांनी पुन्हा दिवस राहिले. माझी आई दिंडोरीहून आली आणि पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरात मला म्हणाली, "ह्या बारीला त्या बाईच्या हाती नको देऊ बरं. माझ्याकडं चल. नायतर सिव्हिलला नाव घाल." ताई बाहेरच्या खोलीत वह्या तपासत होत्या. त्यांनी ऐकलं असणार, कारण संध्याकाळी त्या आम्हा दोघांना म्हणाल्या, "यावेळी तुमचं तुम्ही ठरवा. मी मध्ये पडणार नाही." अशोक माझ्याकडे बघू लागला. मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, "ताई, तुम्हीच बघा. मागच्या वेळी काय विचारायचं राहिलं, ते तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे?" ताई उठून मोरीत गेल्या आणि बराच वेळ नळ सोडून ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून त्या निघाल्या. शाळा सुटली की पिशवीत दोन मोसंबी घालायच्या आणि भेटण्याच्या वेळेला, चार ते सहाच्या दरम्यान, एखाद्या नर्सिंग होममध्ये शिरायच्या. जिच्याजवळ कुणी बसलेलं नाही अशी बाई बघायची, तिच्या कॉटशी जाऊन बसायचं, मोसंबी सोलून द्यायची. "मी कुणाची नाही गं, अशीच आले." मग ती बाई बोलायला लागे. हाक मारली तर कोण येतं? किती वेळानं येतं? चादर कधी बदलली? नंतर मोर्चा आयांकडे. एका ठिकाणची आया संशयानं म्हणाली, "तुमी नगरपालिकेकडनं आल्या का? पाणी तपासायला?" ताई म्हणाल्या, "नाही हो, माझ्या भावजयीला आणायचंय." तेव्हा तिनं इकडंतिकडं बघून सांगितलं, "मंग बाई, दुसऱ्या मजल्यावरची खोली नका घेऊ. जिना लय अरुंद हाय. बाईला खुर्चीत बसवून उतरवावं लागतं." ते नर्सिंग होम बाद झालं. पंचवटीतलं एक ताईंना फार आवडलं होतं, पण माझे दिवस श्रावणात भरत होते. "गोदावरीला पूर आला आणि पूल बंद झाला तर? डॉक्टर राहतात अलीकडे, बायका पलीकडे." तेही बाद.

रात्री जेवताना त्या हे सगळं आम्हाला ऐकवायच्या, आणि मला नवल वाटायचं ते याचं की मला भीती वाटेनाशी झाली होती. आज कुठं गेल्या असतील, काय पाहिलं असेल, याचीच मी वाट बघायची. आईसुद्धा तोपर्यंत नाव घालायचा धोशा विसरून विचारायची, "मंग? त्या आयेनं काय सांगितलं?"

शेवटी उरलं ते जुन्या गावठाणातलं एक लहानसं नर्सिंग होम. आठ कॉटा, भिंतींना चुना, दारावर साधी पाटी. डॉक्टरीणबाई वरच्या मजल्यावर राहायच्या आणि तोंडानं तिखट म्हणून प्रसिद्ध होत्या. ताई मला घेऊन त्यांच्यासमोर बसल्या. तपासणी झाल्यावर ताईंनी सुरुवात केली. वीज गेली तर काय? रक्त लागलं तर कुठून आणता, आणायला कोण जातं? तुम्ही गावाला गेलात तर इथं कोण? बाईंनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही माझी परीक्षा घ्यायला आलात का?"

"हो," ताई म्हणाल्या. "मागच्या वेळी घेतली नव्हती."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या कागदांकडे. मग दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, "विचारा." पाऊण तास त्या उत्तरं देत होत्या. जे ठाऊक नव्हतं ते ठाऊक नाही म्हणाल्या. भूल देणारे डॉक्टर गंगापूर रोडला राहतात हे कळल्यावर ताईंनी त्यांच्या घरापासून नर्सिंग होमपर्यंतचा रस्ता स्वतः चालून बघितला, आणि तोही मुद्दाम बुधवारी, कारण बाजाराच्या दिवशी नदीकडचे रस्ते भरतात. घामानं भिजून परत आल्या आणि म्हणाल्या, "स्कूटर अडेल. त्यांना सांगायला हवं, बुधवारी मागच्या बाजूनं या." पुढच्याच खेपेला त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "आणि हे भूलवाले घरी नसले तर?" त्या प्रश्नावर बाई पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, "दुसऱ्यांशी बोलून ठेवते."

बुधवार काही लागला नाही. रविवारी सकाळी मला नेलं. अकराच्या सुमाराला बाळाचे ठोके मंदावले, ऑपरेशन करायचं ठरलं, आणि गंगापूर रोडचे भूलवाले डॉक्टर कुटुंबाला घेऊन त्र्यंबकला गेलेले निघाले. दुसरे आले. ते शरणपूर रोडवरून सायकल मारत आले होते, असं मला नंतर कळलं. मी शुद्धीवर आले तेव्हा ताई दारात उभ्या होत्या. आत यायचं सोडून तिथूनच म्हणाल्या, "रडली! चांगली मोठ्यानं रडली!" आणि मग त्या स्वतः भिंतीला टेकून रडल्या. नऊ वर्षं झाली... ती मुलगी आता चौथीत आहे.

त्यानंतर कॉलनीतल्या बायका ताईंकडे येऊ लागल्या. कुणाची सून, कुणाची सासू पडलेली, कुणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. ताई कुणालाही अमुकच ठिकाणी जा असं सांगत नसत. "चल, बघून येऊ," एवढंच म्हणत.

आणि खुद्द त्यांच्यावर वेळ आली तेव्हा बघून यायला कुणाला फुरसत होती? सकाळची वेळ, ताई घामानं ओल्याचिंब, बोट छातीकडे. अशोक रिक्षा आणायला धावला. कुठं न्यायचं हे मी ठरवलं, रिक्षेत पाय ठेवता ठेवता. जवळचं होतं म्हणून, हृदयाचे डॉक्टर तिथं येतात असं ऐकलं होतं म्हणून. एकही प्रश्न विचारला नाही. ताईंची पाहणी मग कॉटवर पडल्या पडल्याच चालली होती.

त्या गेल्यावर काही दिवसांनी मी त्या डॉक्टरांना भेटायला गेले. विचारलं, "दुसरीकडे नेलं असतं तर वाचल्या असत्या का?" ते भले गृहस्थ. म्हणाले, "कदाचित. कदाचित नाही. खरं सांगायचं तर मला सांगता येणार नाही." मी बाहेर येऊन पायरीवर बसले. माझा पहिला मुलगा गेल्यानंतरची तीन वर्षं ताई हेच घेऊन जगल्या होत्या. मला वाढताना, माझी वेणी घालताना, वर्गात पाढे म्हणून घेताना. आणि तरीही मी "तुम्हीच बघा" म्हटलं तेव्हा पिशवी उचलून निघाल्या होत्या. एवढं बळ त्यांनी कुठून आणलं असेल? हा एक प्रश्न मी त्यांना कधी विचारला नाही, आणि आता उत्तर देणारं कुणी नाही.

गेल्या रविवारी दार वाजलं. कोपऱ्यावरच्या इमारतीत नव्यानं राहायला आलेली मुलगी, अंगावर सैलसर गाऊन, हात कमरेवर. म्हणाली, "कुसुमताई इथंच राहतात ना? मला शेजारच्या काकूंनी पाठवलं. नाव कुठं घालावं ते विचारायचं होतं." काकूंना बातमी कळली नव्हती वाटतं. मी तिला आत बोलावलं, ताईंच्या खोलीत त्यांच्याच खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. ताई गेल्या हे सांगितल्यावर ती ओशाळून उठायला लागली. माझ्या मनात आलं, जाऊ द्यावं हिला. मी सांगितलेली जागा चुकली तर? पुन्हा तो "कदाचित" ऐकायचा? ती दारापर्यंत पोचली होती.

"कितवा महिना?" मी विचारलं.

"सातवा."

"उद्या चार वाजता ये," मी म्हटलं. "बघून येऊ."