आमची घूस

घूस म्हणजे काय हे मला कोणी शिकवायची गरज नाही. बार्शीच्या आडत बाजारात, धान्याच्या गोदामात माझं अर्धं आयुष्य गेलं. शाळा चौथीत सुटली, पण घुशी जवळून पाहिल्या. नाक जमिनीला लावून भिंतीच्या कडेकडेनं चालते. भोक दिसलं की आधी नाक आत, मग सगळी आत. म्हणून सिंगापुरात, तुआसच्या वर्कशॉपात माझ्या मुलानं पाइपात शिरणारं यंत्र पहिल्यांदा जमिनीवर सोडलं तेव्हा मी म्हणालो, "अरे, ही तर घूस." सगळे हसले आणि नाव बसलं. तिथला तमिळ फिटरसुद्धा तिला घूसच म्हणायचा.

बायको गेल्यावर मुलानं मला सिंगापूरला आणलं. सेंगकांगला अकराव्या मजल्यावर फ्लॅट. इथं राहायच्या माझ्या पासावर नोकरी करता येत नाही, नुसतं बसायचं. मग घरात बसण्यापेक्षा मी वर्कशॉपात बसायचो. मुलाच्या गाडीतून जायचं, आपल्यापुरता चहा ठेवायचा, आल्यागेल्याला विचारायचा. घूस कशी वळते, कुठं अडकते ते बघायचं. दिवस जायचा.

ते यंत्र खरं तर नाले तपासायला केलेलं. गिऱ्हाईक मिळेना. मग मुलाला सरकारच्या योजनेचं कळलं. लहान कंपनीनं लष्कराच्या उपयोगाचं काही नवं काढलं तर सरकार पैसा देतं, पण लहानानं एखाद्या मोठ्या कंपनीला भागीदार म्हणून घेऊन यायचं. कोसळलेल्या इमारतीत, भुयारात, जवान जायच्या आधी आमची घूस जाईल आणि आत काय आहे ते दाखवील, असा मुलाचा विचार. मोठी कंपनी हो म्हणाली तर वर्कशॉप चालणार, नाही म्हणाली तर कुलूप. जेवताना मुलगा बोलेनासा झाला होता.

मोठ्या कंपनीकडून बघायला आला तो दिल्लीकडचा साहेब. मुलगा आत वायरी जोडत होता आणि साहेब बाहेर उभा. माणसाला असं ताटकळत ठेवणं मला बरं दिसेना. चहा दिला आणि माझ्या हिंदीत म्हणालो, "साब, आपके वास्ते घूस तयार रखी है."

कप तोंडापाशीच थांबला. "क्या रखी है?"

"घूस. अंदर चलो. दरवाजा लगाके, बत्ती बुझाके, आपके हाथ में देता. इधर सबके सामने मजा नहीं."

अंधारात तिचा दिवा चांगला दिसतो, म्हणून म्हणालो. साहेबानं कप ठेवला, जिना उतरला आणि गाडीत बसून निघून गेला. मला वाटलं चहात साखर कमी पडली.

संध्याकाळी मुलगा म्हणाला, "आबा, हिंदीत घूस म्हणजे लाच."

"मग हिंदीवाल्यांनी बदलावा त्यांचा शब्द."

"थट्टा नाही ही. इथं लाच म्हणजे तुरुंग. त्यानं वर कळवलंय, सगळं थांबलंय. तुम्हाला बोलावणार आहेत. एवढंच म्हणा, हिंदी येत नाही, चुकलो."

"हिंदी येते मला. आणि चुकलो कुठं? घुशीला घूस म्हणालो."

सून ताटं उचलत होती. "एक शब्द तर आहे, आबा. त्यानं काय झिजणार आहे तुमचं?"

मी हात धुवायला उठलो.

बोलावणं येईतो मुलगा मला सोबत नेईना. खाली बाकावर बसायची मोकळीक होती, पण कामाबद्दल कोणाशी बोलायचं नाही. आणि कामाशिवाय माझ्याकडे बोलायला होतं काय? लिफ्टमध्ये एक बाई रोज 'गुड मॉर्निंग, अंकल' म्हणे, तिलाही मी नुसती मान हलवू लागलो. बार्शीला परत जातो म्हणावं, तर तिथलं भाड्याचं घर सोडून दिलेलं.

बोलावलं ते जुरोंग ईस्टला, मोठ्या कंपनीच्या कचेरीत. काचेची खोली, दार आतूनही कार्ड लावल्याशिवाय उघडत नव्हतं. समोर चौकशी करणारी एक चिनी बाई आणि दिल्लीचा साहेब. तुम्हाला काय म्हणायचं होतं, असं बाईंनी विचारलं. मुलानं ते मला मराठीत सांगितलं आणि टेबलाखाली माझ्या पायावर पाय दाबला.

चुकलो म्हणणं सोपं होतं. पण जे चुकलं नाही ते चुकलं म्हणायला माझी जीभ वळत नाही, ती लहानपणापासून तशीच आहे. मी खुर्ची मागं सारली, गुडघे टेकले आणि नाक गालिच्याला लावून काचेच्या कडेकडेनं चालू लागलो. टेबलाचा पाय हुंगला, वळलो आणि साहेबाच्या खुर्चीखाली डोकं घातलं.

"ये घूस," मी खालूनच म्हणालो. "चूहे से बडी. हमारे उधर इसको घूस बोलते. आपकी वाली को हम लाच बोलते."

"आबा, उठा," मुलगा म्हणाला. उठायला गुडघे तयार नव्हते. शेवटी साहेबानंच माझ्या काखेत हात घातला. "बस, बाबूजी," तो हळूच म्हणाला. मग त्यानं फोनवर बाईंना घुशीचं चित्र दाखवलं. बाईंनी तोंडावर हात धरला. मुलगा मात्र हसला नाही.

काम मिळालं. पेढे आणले, देवापुढं ठेवले. मग मुलगा माझ्या शेजारी येऊन बसला.

"आबा, आता वर्कशॉपात फक्त लष्कराची मंजुरी मिळालेली माणसं जाऊ शकतात."

"त्या शब्दामुळं?"

"नाही. तुमचा पास पाहुण्याचा आहे."

"कुठवर?"

"हे काम आहे तोवर."

काम चालावं म्हणून मी लोकांसमोर गुडघ्यांवर चाललो. आता ते चालेल तोवर मला आत जाता यायचं नाही, आणि बंद पडावं असं तर म्हणता येत नाही.

मी खिडकीपाशी बसतो. खालून गाड्या जातात. यंत्राला आता अक्षरं आणि आकडे जोडून कसलंसं नाव दिलंय, मुलगा ते घरात उच्चारत नाही. संध्याकाळी तो दाराशी बूट काढत असला की मी विचारतो, "घूस कशी आहे?"

"बरी आहे."

"वळते का नीट?"

"आबा."

तिला घूस म्हणू नका, असं मात्र तो अजून एकदाही म्हणालेला नाही. मी पानावर बसतो.