जेवणाच्या सुट्टीतले पाठमोरे

भोसरीतल्या एका बंद पडलेल्या वर्कशॉपमध्ये फोटोंचं प्रदर्शन भरलं होतं. फोटो काढणारा चाकणच्या एका कंपनीत कामगार होता. मशीन पुसावं तशी तो प्रत्येक फ्रेमची काच चिंधीने कोपऱ्यांपासून पुसत होता.

सगळे फोटो जेवणाच्या सुट्टीतले, आणि सगळे पाठमोरे. कंपनीत मोबाईलला बंदी, त्यामुळे कुणाचाही चेहरा येऊ द्यायचा नाही, असं कामगारांनी आपसात ठरवलं होतं.

एका फोटोत माझा दादा होता. मानेवरच्या रुमालाच्या गाठीवरून मी त्याला ओळखलं. त्याला जाऊन चार महिने झाले. घरी भिंतीवर त्याचा ओळखपत्रावरचाच फोटो आहे, कुणी दम दिल्यासारखा ताठ.

"यांचा समोरून काढलेला असेल का एखादा?" मी विचारलं. "माझा भाऊ होता."

त्याचा हात थांबला.

"एक होता, ताई. त्यांनीच डिलीट करायला लावला. म्हणाले, 'भावा, तुझ्या कलेपायी माझी नोकरी घालवतो का?' त्यांच्यासमोरच केला."

त्याने समजूत घातली नाही. चिंधी पुन्हा काचेवर फिरवत म्हणाला, "पण यात ते हसतायत. शेजारच्याच्या डब्यात रोज कारलं. त्याची खेचत होते."

मी पुन्हा पाहिलं. सगळा फोटो स्पष्ट होता, फक्त खांद्यांची कड किंचित हललेली होती. हसताना दादाचे खांदे हलायचे, हे मी चार महिन्यांत विसरूनच गेले होते.