भोक पाडायच्या आधी

भिंतीला भोक पाडायला मिनिटही लागत नाही. पण त्याआधी आतली वायर कुठून गेलीय, हे घरच्यांना विचारावं लागतं. मग अशी उत्तरं मिळतात की रोज ड्रिल मशीनच्या पेटीसोबत एखादा किस्साही घरी येतो!

मी आठवीतून शाळा सोडली आणि कुंभार पिंपळगावात रशीदभाईंकडं वायरिंग शिकलो. माझा हात चालतो, तोंड चालत नाही. गिऱ्हाईक म्हणेल तिथं मी मान डोलवतो. रशीदभाई म्हणायचे, "ज्या दिवशी तुझ्या तोंडून 'न्हाई' निघंल, त्या दिवशी तुला एकट्याला कामावर पाठवीन. तोवर बिलकुल न्हाई! तुझ्या लाजण्यापायी कुणाचा तरी जीव जाईल, बेटा."

*

एका सरांनी प्लास्टरच्या आधी प्रत्येक भिंतीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता. आम्ही खूश! टीव्हीच्या भिंतीचा फोटो उघडला, तर मधोमध सरांच्या मिसेस, नवी साडी नेसून.

"सर, वायरीचा पाइप कुठंय?"

सरांनी फोटो मोठा करून पाहिला. "हिच्या मागं असंल."

दुसरा फोटो. तिसरा फोटो. सगळ्या भिंतींसमोर बाईच!

स्वयंपाकघरातून आवाज आला, "मंग घर कोणाचं हाये?"

*

अंकुशनगरला एका काकांनी मेन स्विच बंद करून आम्हाला हाक मारली. "मारा बिनधास्त!"

मी मशीन टेकवणार, तेवढ्यात रशीदभाईंनी माझा हात धरला. डोक्यावर पंखा गरगर फिरत होता.

"काका, मेन बंद केला ना?"

"केला की!"

"मंग हा पंखा?"

"तो इन्व्हर्टरवर हाये. त्याला कशाला बंद करायचं? गरमी किती होऊन राह्यली!"

*

एका घरी पोरानं पुण्याहून वायर शोधायचं यंत्र आणलं होतं. भिंतीवर फिरवलं की वाजायचं. ते इथं वाजलं, तिथं वाजलं, सगळीकडंच वाजलं!

"अरे, हा कॉलम हाये," रशीदभाई म्हणाले. "आतल्या सळ्या वाजून राह्यल्या."

शेजारी बसलेल्या आजींनी हात पुढं केला. यंत्र त्यांच्या पाटलीपाशीही वाजलं.

"चला," आजी म्हणाल्या, "सोनाराचा संशय तरी फिटला!"

*

एकदा काम चालू असताना लाईट गेली. घरमालक पळतच आले. "आता करंटचं भ्याव न्हाई! जल्दी मार भोक!"

मी मान डोलवली, मशीन टेकवलं, बटण दाबलं. पुन्हा दाबलं.

"मशीन बिघडलं काय रे?" मालकांनी विचारलं.

मी तेव्हाही मान डोलवली!

*

मागच्या महिन्यात रशीदभाईंच्या स्वतःच्या घरी भाभींना घड्याळ लावायचं होतं. पाइप बोर्डाच्या सरळ वर जातो, हा नियम. म्हणून रशीदभाईंनी बोर्डापासून चांगलं दोन हात बाजूला खूण केली आणि मशीन उचललं.

मला रंगाखाली केसाएवढी बारीक भेग दिसली. प्लास्टर पाइपवरच असं चिरतं. ती बोर्डापासून निघून तिरपी, थेट त्या खुणेकडं चालली होती.

"न्हाई," मी म्हणालो.

"काय न्हाई?"

"तिथं भोक न्हाई पाडायचं."

"अबे, या घराची वायरिंग मी केलीय! एकेक पाइप तोंडपाठ हाये!"

मशीन सुरू झालं. मी पुढं होऊन प्लग उपसला, मेन बंद केला आणि छिन्नीनं खुणेवरचं प्लास्टर हळूच उडवलं. आत पाइप होता. तिरपा.

भाभी पीठ लागलेल्या हातानं बाहेर आल्या. "लाईट का गेली? काय झालं?"

रशीदभाईंनी पाइपाकडं पाहिलं, मशीन माझ्या हातात दिलं आणि कपाळाचा घाम पुसला.

"काही न्हाई. जुन्या मिस्त्रीनं पाइप तिरपा टाकला होता. नवा मिस्त्री दाखवून राह्यला."