जुन्या कपड्यांची ताटं

"थर्माकोलच्या प्लेटा सांगून टाकतो, मामा. जेवलं की फेकलं. कुणाला धुवायचा ताप नको."

मिलिंददादाचं हे वाक्य मी स्वयंपाकघराच्या दाराआडून ऐकलं. बाहेरच्या खोलीत त्याच्या आईच्या, म्हणजे माझ्या शांताआत्याच्या, पुण्यानुमोदनाच्या विधीची आणि जेवणाची बोलणी चालली होती. आत्या जाऊन जेमतेम आठवडा झाला होता. झोपेतच गेली... आदल्या संध्याकाळी आमच्या दुधाच्या पिशव्या धुऊन तिनं दोरीवर वाळत घातल्या होत्या, त्या सकाळी तशाच वाळलेल्या होत्या. दादा बंगळूरहून आला तो सरळ कामालाच लागला. भंतेजींना कळवणं, मांडववाला, जेवणाचं... बाबा हळूच म्हणाले, "अरे, शांताची ताटं आहेत की जिन्याखाली." त्यावर दादाचा आवाज चढला. "ती बोहारणीची? नको मामा. आईनं जन्मभर जोडून जोडून काढलं. निदान तिच्या कार्यक्रमाला तरी मला हात आखडायचा नाही. लोक काय म्हणतील?" त्याचे डोळे लाल झाले होते. बाबांनी फोन त्याच्याकडं सरकवला. मी तर चारचौघांत बोलतच नाही; पाहुणे जमले की आधणाकडे लक्ष ठेवायला म्हणून आत जाते. पण त्या वेळी माझ्या गळ्यातल्या दोऱ्याला, कुडत्याच्या आत, जिन्याखालच्या लोखंडी पेटीची किल्ली होती. आणि आत्याच्या जेवणाला लोक थर्माकोलमध्ये जेवणार, हे मला सहन होत नव्हतं.

ती ताटं म्हणजे काय, हे आता सांगायला हवं. सुलतान बाजारच्या मागच्या गल्लीत आमची तीन मजली इमारत आहे. खाली आम्ही, मधल्या मजल्यावर रुखसानाआपा, वर आत्या. आमचे आजोबा नांदेडकडून इथं नोकरीला आले. आत्या टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. तिचे यजमान गेल्यावर लहानग्या मिलिंददादाला घेऊन ती इथं आली. दादा इंजिनिअरिंगला बाहेरगावी गेला, तिथूनच नोकरीला लागला, मग तिचा सगळा जीव इमारतीत वाटला गेला. बाजार उघडला, असं तेव्हा पेपरात रोज काहीतरी येत असे. आम्हाला ते कळलं कपाटांवरून. पूर्वी दिवाळीला एक जोड शिवून घ्यायचे ते लोक आता तयार शर्ट, जीन्स, चुडीदार महिन्या-महिन्याला घेऊ लागले, आणि कपाटांची दारं लागेनात. त्याच सुमारास शेजारच्या एका बारशाला मी पहिल्यांदा थर्माकोलच्या प्लेटा पाहिल्या. पांढऱ्याशुभ्र, हलक्या, मला फार आवडल्या. दुसऱ्या दिवशी गल्लीची मोरी तुंबली. आत्या काठी घेऊन मोरीतून एकेक प्लेट बाहेर काढत होती आणि बडबडत होती, "एका जेवणापुरतं जन्माला आलेलं ताट! आणि मरायचं नावच नाही!"

त्या आठवड्यात ती दारोदार जाऊन सगळ्यांच्या कपाटातले जुने कपडे गोळा करून आली. आमच्याकडे कपडा सहजासहजी मरत नसे. बाबांचा शर्ट माझ्या भावाला, तिथून उशीच्या अभ्र्याला, तिथून फडक्याला. बटणं आधीच बरणीत. पण हे नवे ढीग कुणाच्याच अंगाला न होणारे, पण न फाटलेले. आत्यानं त्यांची बोचकी बांधली आणि यादम्माला बोलावलं. यादम्मा ही आमच्या गल्लीची बोहारीण, डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी घेऊन यायची. ती प्रत्येक कपडा उजेडात धरून पाहायची आणि तोंड वाकडं करायची.

"अम्मा, इत्ते में ताट नै आता. कटोरी लेव."

"कटोरीत कोई जेवता क्या, यादम्मा?"

"जेवते. छोटे बच्चे जेवते."

"तो तुम्हारे घर की बारात में कटोरी देना. मेरेकू ताट होना."

दुपारभर हे चालायचं. मध्ये दोघींचा चहा व्हायचा, यादम्मा सुनेच्या तक्रारी सांगून घ्यायची, आणि शेवटी एका बोचक्याला एक ताट पाटीतून खाली यायचं. आत्या कंजूस आहे असं गल्लीत कुणी म्हणालं की रुखसानाआपा उसळायच्या. "कंजूस कैकू? कंजूस के घर इत्ते मेहमान खातें क्या?" ते खरं होतं. आत्या साबणाचा शेवटचा तुकडा नव्या वडीला चिकटवायची, पण पाहुण्याच्या पानात तूप सोडताना तिचा हात कधी थांबला नाही.

ताटं जमली तशी त्यांच्यावर नाव घालायला ती मला घेऊन भांड्यांच्या बाजारात गेली. तिथं नाव घालणारा माणूस छोटं मशीन घेऊन पायरीवर बसतो. त्यानं ताट मांडीवर घेतलं, मशीन गुर्रगुर्र सुरू केलं आणि विचारलं, "नाम बोलो, अम्मा."

"बेलबॉटम."

मशीन थांबलं. "ये किसका नाम है?"

"हमारे भाई की पँट का. पेट बढ़ गया उनका, घर में रखके क्या करना?"

बोचक्यातला जो मुख्य कपडा, त्याचं नाव ताटावर. 'बेलबॉटम', 'हरा दुपट्टा', 'हनिमूनचा स्वेटर', 'शाळेची ट्यूनिक'; ही शेवटची माझी. त्या माणसाला आधी वाटलं ही बाई चेष्टा करते आहे. नंतर तो स्वतःच विचारायला लागला, "आज कौनसा कपडा लाए, अम्मा?" मी त्या पायरीवर अंग चोरून उभी होते. माझी शाळा कॉन्व्हेंट, मैत्रिणींच्या घरी काचेचे डिनर सेट. त्यांच्यापैकी कुणी इथून जाऊ नये, एवढंच मी मनात म्हणत होते.

त्याच वर्षी शाळेत पर्यावरण सप्ताह होता. रिड्यूस, रीयूज, रीसायकल या विषयावर मॉडेल करायचं होतं. मी यादी घेऊन आत्याकडे गेले: नवा चार्ट पेपर, रंग, आणि पृथ्वी करायला थर्माकोलचा गोळा. तिनं मला ते तिन्ही शब्द समजावून सांगायला लावले. मी अडखळत सांगितले. ती ऐकत राहिली, मग तिला जे हसू फुटलं ते थांबेना. "म्हणजे काटकसर! एवढी फी भरून हेच शिकवतात? आणि ती शिकवायला थर्माकोलची पृथ्वी?" माझी पृथ्वी शेवटी जुन्या वर्तमानपत्रांच्या लगद्याची झाली. थोडी चपटी होती आणि तिला मेथीचा वास येत होता, कारण लगदा वाटीभर मेथीच्या खळीत केला होता. किडे लागू नयेत म्हणून मेथी, असं आत्या म्हणाली. बक्षीस मिळालं नाही. पण इतरांच्या पृथ्व्या सप्ताह संपताच कचऱ्यात गेल्या, आणि आमची आत्याच्या कपाटावर कित्येक वर्षं होती.

मग ताटं फिरायला लागली. इमारतीत, गल्लीत बारसं, साखरपुडा, जयंतीचं जेवण, आपांच्या घरची दावत, काहीही असो, ताटं आत्याकडून जात. भाडं नाही. नियम दोनच. ज्यानं त्यानं आपलं ताट जेवून स्वतः घासायचं, आणि पेटी परत करताना वरचं ताट रिकामं यायचं नाही. आपांकडून त्यात जर्दाळूंचा खुबानी का मीठा यायचा, समोरच्या तेलुगू काकूंकडून चिंचेचा भात, पुलिहोरा. पेटी सांभाळायचं काम आत्यानं मला दिलं. "तुला बोलायचं नसतं ना? नको बोलूस. कुणाला कुठलं ताट ते तू बघ." मी बघितलं. कधीच न हसणाऱ्या हेडक्लार्क काकांना 'गुलाबी फ्रॉक' दिलं. भांडणाऱ्या नवरा-बायकोच्या पुढं 'हनिमूनचा स्वेटर' ठेवलं. भात वाढेपर्यंत कुणाला कळत नसे. भात संपला की ताटातलं नाव दिसायचं आणि पंगतीच्या एका टोकाला हशा फुटायचा. मी भिंतीशी उभी राहून ऐकत असे. आत्या वाढता वाढता लांबूनच माझ्याकडं बघून एक भुवई उचलायची... माझं बोलणं एवढंच, आणि तिला ते पुरायचं.

पेटीत अगदी तळाशी एक ताट होतं ते मात्र ती कुणाला देऊ देत नसे. ते पहिलं ताट. दादाची शाळेतली हाफपँट तिनं इतकी वर्षं जपून ठेवली होती, ती पहिल्या बोचक्यात वर बांधताना तिनं गाठ दोनदा सोडली आणि पुन्हा बांधली होती. "याचा मालक यायचाय," एवढंच म्हणायची. मालक दिवाळीला यायचा, दोन दिवस राहायचा, हॉटेलात नेऊन सगळ्यांना खाऊ घालायचा. इमारतीतल्या पंगतीच्या दिवशी तो कधी इथं नसे. त्याला ते ताट माहीतच नव्हतं.

पुण्यानुमोदनाचं जेवण ताटांतच झालं. भंतेजींचं प्रवचन झालं, पांढऱ्या कपड्यांतली गल्ली जिन्यापर्यंत बसली, यादम्मा पाटी बाहेर ठेवून 'हरा दुपट्टा'त जेवली आणि ताट उलटसुलट करून म्हणाली, "ये मेरा माल है. अब्बी तक चमकता." दादानं बाह्या सरसावून नळाशी इतकी ताटं घासली की बाबांनी त्याला ओढून बाजूला केलं. पेटी आता माझ्या खोलीत आहे. मागच्या आठवड्यात आपांच्या नातवासाठी गेली आणि वरच्या ताटात शीरखुर्मा घेऊन परत आली. हात आपोआप दुसरी वाटी काढायला गेला, वर नेऊन द्यायला...

पण बोलणी चालली होती त्या संध्याकाळी हे काही ठरलेलं नव्हतं. दादानं फोनचा रिसीव्हर उचलून प्लेटांसाठी मांडववाल्याचा नंबर फिरवायला घेतला होता. मी जिन्याखाली गेले, गळ्यातला दोरा काढला, पेटी उघडली आणि तळापर्यंत हात घालून ते एक ताट काढलं. पदरानं पुसावं तसं ओढणीनं पुसलं. खोलीत आले तेव्हा सगळे माझ्याकडं बघायला लागले. मावश्या, काका, दारातल्या आपा. मनात मी एक चांगलं वाक्य तयार केलं होतं, कचऱ्याबद्दल, आत्याच्या इच्छेबद्दल, थोडं इंग्रजीत. त्यातलं काहीच आठवेना. दादानं रिसीव्हर कानाशी तसाच धरून विचारलं, "काय गं?" मी ताट त्याच्यापुढं धरलं आणि अख्ख्या खोलीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले,

"दादा, ही तुझी निळी हाफपँट. तू यातच जेवायचंस."